पुरुषांच्या टीमला बाई कोच? बेकी हॅमन आणि एनबीएबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी ११ वर्षं मुलग्यांच्या १४ वर्षांखालच्या टीमला बास्केटबॉल शिकवतेय, त्यामुळे हा विषय निघाला की लोक मलाच मेसेज टाकतात. पालक विचारतात, कॉलेजच्या मुली विचारतात, माझे जुने खेळाडूही विचारतात. प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. ही बेकी हॅमन कोण? मी बास्केटबॉल फारसं बघत नाही.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटीची मुलगी, जन्म १९७७ चा. कॉलेज बास्केटबॉल कोलोरॅडो स्टेटकडून खेळली आणि भरपूर पॉइंट्स केले, तरी १९९९ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या (म्हणजे बायकांच्या प्रो लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे, तिला कुठल्याच टीमने निवडलं नाही. मग न्यूयॉर्क लिबर्टीच्या कॅम्पला जाऊन तिने जागा मिळवली, २००७ ला सॅन अँटोनियोच्या टीममध्ये गेली, सहा वेळा ऑल-स्टार झाली. २०१४ ला खेळणं थांबवलं आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला सॅन अँटोनियो स्पर्सने, म्हणजे एनबीए या पुरुषांच्या प्रो लीगमधल्या टीमने, तिला असिस्टंट कोच म्हणून घेतलं. आठ सीझन तिथे काढले. २०२२ पासून ती लास वेगास एसेसची हेड कोच आहे आणि २०२२, २०२३, २०२५ अशी तीन टायटल्स जिंकलीय. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्येही गेली.

२. पुरुषांच्या लीगमध्ये बाईला कोच होता येतं? नियमात बसतं का?

बसतं. कोच पुरुषच हवा असा नियम एनबीएत नाही. रेफ्रींचंही तेच, व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघी १९९७ पासूनच एनबीएच्या मॅचेसना शिट्टी वाजवत होत्या. म्हणजे बाई पुरुषांना फाउल देऊ शकते हे लीगने १९९७ लाच मान्य केलं होतं, पण तिला पूर्णवेळ कोच म्हणून नेमायला आणखी १७ वर्षं लागली. अडत होतं ते नेमणूक करणाऱ्यांच्या डोक्यात, नियमांच्या पुस्तकात काहीच नव्हतं.

३. असिस्टंट कोच म्हणजे बाजूला बसून टाळ्या वाजवणारा ना?

नाही हो, अजिबात नाही. एनबीएचा सीझन ८२ मॅचचा असतो, आठवड्यात तीन-चार मॅच येतात, एकटा हेड कोच समोरच्या प्रत्येक टीमचा अभ्यास करूच शकत नाही. म्हणून समोरच्या टीम्स असिस्टंट लोकांमध्ये वाटून दिलेल्या असतात. ज्याच्याकडे जी टीम, त्याने तिच्या मॅचेसचे व्हिडिओ बघायचे, कुठल्या प्लेवर ते बॉल कुणाला देतात, त्यांचा सेंटर पिक अँड रोलला (एकाने डिफेंडरला अडवून दुसऱ्याला वाट मोकळी करायची चाल) मागे थांबतो की पुढे येतो, कोण डावीकडून शूट करायचं टाळतो, हे सगळं काढायचं आणि मॅचच्या आधी टीमसमोर मांडायचं. ते चुकलं तर संध्याकाळी ते सगळ्यांना दिसतं. शिवाय प्रत्येकाकडे दोन-चार खेळाडू नेमून दिलेले असतात, त्यांचं शूटिंग, फूटवर्क, त्यांचा वाईट आठवडा, सगळं बघायचं. अगदी पुढच्या रांगेत हेड कोचच्या शेजारी काही मोजकेच असिस्टंट बसतात, बाकीचे मागच्या रांगेत. हॅमन २०१४ ला मागच्या रांगेत होती, २०१८ मध्ये पुढे आली. बाहेरच्या माणसाला ही फक्त खुर्ची बदलली असं वाटेल, पण या धंद्यात ते मोठं प्रमोशन आहे, कारण टाइमआउटमध्ये हेड कोच आधी या पुढच्या लोकांशीच बोलतो.

४. स्पर्सला तीच कशी सापडली? कुणाची ओळख होती का?

ओळख झाली ती विमानात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकहून परत येताना हॅमन आणि स्पर्सचे हेड कोच ग्रेग पॉपोविच एकाच विमानात शेजारी होते आणि बराच वेळ गप्पा झाल्या. पण नुसत्या गप्पांवर नोकरी मिळत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये तिचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, एसीएल म्हणतात ते, म्हणजे पुढचे कित्येक महिने खेळ बंद. दोन्ही टीम सॅन अँटोनियोतल्याच, तेव्हा तिने विचारलं की मी तुमच्या प्रॅक्टिसला येऊन बसू का, आणि ते हो म्हणाले. तो अख्खा सीझन ती प्रॅक्टिसला, व्हिडिओ सेशनला, कोचेसच्या मीटिंगला बसायची, आणि हळूहळू तिचं मत विचारायला लागले. त्याच सीझनला, २०१४ ला, स्पर्स चॅम्पियन झाले. नोकरीची ऑफर त्यानंतर आली. माझ्या मते तो एक सीझन हीच तिची खरी मुलाखत होती. दुखापतीत घरी बसून राहिली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

५. म्हणजे एनबीएमधली ती पहिली बाई कोच?

पहिली पूर्णवेळ, पगारी असिस्टंट कोच. शब्द जपून वापरा, कारण तिच्या आधीच्या बायका नेहमी गाळल्या जातात आणि मला त्याचं वाईट वाटतं. २००१-०२ मध्ये लिसा बॉयर क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सबरोबर असिस्टंट होती, पण ते पूर्णवेळ काम नव्हतं. २००१ मध्येच स्टेफनी रेडी ग्रीनव्हिल ग्रूव्ह या एनबीएच्या खालच्या लीगमधल्या टीमची असिस्टंट झाली. नॅन्सी लिबरमनने २०१०-११ मध्ये टेक्सास लेजेंड्सला हेड कोच म्हणून शिकवलं, तीही खालच्या लीगमधलीच पण पुरुषांचीच टीम. आणि नताली नकासे २०११-१२ च्या सुमारास जपानमध्ये साइतामा ब्रॉन्कोस या पुरुषांच्या प्रो टीमची हेड कोच होती. हीच नकासे २०२५ मध्ये गोल्डन स्टेट व्हाल्कीरीजची कोच म्हणून डब्ल्यूएनबीएची कोच ऑफ द इयर झाली.

६. ३० डिसेंबर २०२० ला नक्की काय झालं होतं?

स्पर्स विरुद्ध लेकर्स, सॅन अँटोनियोमध्ये. कोविडचे दिवस, स्टँड रिकामे, कोच लोक मास्क लावून. आपल्याकडे ३१ तारखेची सकाळ होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक फाउल दिला नाही म्हणून पॉपोविच रेफ्रीवर भडकले, कोर्टात शिरून बोलायला लागले आणि त्यांना बाहेर काढलं. जाता जाता त्यांनी हॅमनकडे बोट केलं, की आता तू बघ. बस्स, एवढंच. भाषण नाही, काही नाही. ती उठली, हातात बोर्ड घेतला आणि पुढच्या टाइमआउटला मधल्या स्टुलावर बसून प्ले काढायला लागली, आणि खेळाडू रोजच्यासारखे भोवती वाकून ऐकत होते. रेग्युलर सीझनच्या मॅचमध्ये एनबीएची टीम एका बाईने चालवण्याची ती पहिली वेळ. मॅच लेकर्सनी १२१-१०७ अशी जिंकली. त्या दिवशी लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सचा ३६ वा वाढदिवस होता आणि ओळीने १,००० व्या मॅचमध्ये त्याने १० किंवा जास्त पॉइंट्स केले, त्यामुळे बातम्यांमध्ये दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली. मी तो टाइमआउट नंतर कितीतरी वेळा बघितलाय. मला आवडतं ते खेळाडूंच्या चेहऱ्यावर काहीही वेगळं दिसत नाही हे.

७. मग तिला 'एनबीएची पहिली महिला हेड कोच' म्हणायचं का? क्विझमध्ये यावरून भांडण झालं आमच्यात.

नाही. 'एनबीएच्या रेग्युलर सीझन मॅचमध्ये हेड कोचची जबाबदारी सांभाळणारी पहिली महिला' हे बरोबर. हेड कोच बाहेर गेला तरी मॅचचा निकाल त्याच्याच नावावर लागतो, त्यामुळे ती हारसुद्धा पॉपोविचच्या खात्यात आहे आणि हॅमनच्या नावावर एनबीएत हेड कोच म्हणून ना जिंकलेली मॅच ना हरलेली. हे फक्त बायकांच्या बाबतीत नाही. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेटचा हेड कोच स्टीव्ह कर पाठदुखीमुळे बाहेर असताना त्याचा असिस्टंट ल्यूक वॉल्टनने टीमच्या ४३ मॅच सांभाळल्या, ३९ जिंकल्या, त्याही करच्याच नावावर लागल्या. म्हणून नियमात अन्याय झालाय असं मी म्हणणार नाही. अन्याय कुठे वाटतो ते प्रश्न ११ मध्ये लिहिलंय.

८. पण समर लीग तर तिने हेड कोच म्हणून जिंकली होती ना?

हो, २०१५ ची लास वेगास समर लीग. तिथे ती रीतसर हेड कोच होती, आणि समर लीगमध्ये एनबीए टीमची हेड कोच होणारी पहिली बाई. पहिली मॅच हरून नंतर टायटल जिंकलं, फायनलला फीनिक्सला ९३-९० ने हरवलं. पण समर लीग ही नवीन आणि टीममध्ये जागा शोधणाऱ्या खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा, सीझनच्या रेकॉर्डमध्ये धरत नाहीत. म्हणून प्रश्न ७ चं उत्तर बदलत नाही. भांडण मिटवायचं तर दोघांनाही अर्धा-अर्धा पॉइंट द्या.

९. खरं सांगा, एवढे मोठे पुरुष खेळाडू बाईचं ऐकतात का?

हा प्रश्न मला स्वतःबद्दलही विचारतात, तेव्हा मनापासून उत्तर देते. खेळाडू, मग तो १३ वर्षांचा असो की कोट्यवधी डॉलरचा, एकच बघतो की या माणसाकडून मला काही मिळतंय का. स्क्रीनच्या (आपल्याच खेळाडूने उभ्या केलेल्या आडोशाच्या) मागून कधी निघायचं हे सांगितलं आणि त्याला मोकळा शॉट मिळाला की तो पुढच्या वेळी आपणहून विचारायला येतो. हॅमन स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ मांडणारी, उंची साडेपाच फूट, ड्राफ्टमध्ये नाकारलेली, तिचं सगळं करिअर अँगल आणि टायमिंगवर उभं होतं, आणि स्पर्सच्या गार्ड्सना नेमकं तेच हवं असतं. पाउ गसोल, जो स्वतः स्पर्सकडून तिच्या हाताखाली खेळला, त्याने २०१८ मध्ये जाहीर पत्रच लिहिलं की ही एनबीएची हेड कोच व्हायला पूर्ण लायक आहे.

१०. पण ती एनबीएत कधी खेळलीच नाही, मग तो अनुभव कुठून आणणार?

ग्रेग पॉपोविचही एनबीएत एकही मॅच खेळलेले नाहीत, आणि त्यांच्या नावावर पाच टायटल्स आहेत. मायामीचा एरिक स्पोल्स्ट्राही नाही खेळलेला, त्याने तर व्हिडिओ रूममधून सुरुवात केली. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

११. मग आठ वर्षांत तिला हेड कोच का केलं नाही कुणी?

बोलावणी आली. २०१८ मध्ये मिलवॉकी बक्सने मुलाखत घेतली, २०२१ मध्ये पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्समध्ये शेवटच्या काही नावांमध्ये ती होती, काम चॉन्सी बिलप्सला मिळालं. कारण म्हणून बहुतेक वेळा एकच ऐकू यायचं, की हेड कोच म्हणून अनुभव नाही. आता हे बघा. बिलप्सचा तेव्हा असिस्टंट म्हणून एकच सीझन झाला होता. स्पर्सच्या त्याच बेंचवरून जेम्स बोरेगो २०१८ ला शार्लटचा हेड कोच झाला, तर आधी त्याच बेंचवर असलेला पण २०१९ ला तिथून निघालेला इमे उडोका २०२१ ला बॉस्टनचा. दोघेही चांगले कोच आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच खोलीत, त्याच माणसाच्या हाताखाली, त्याच व्हिडिओवर काम केलेल्या तिघांपैकी दोघांना हेड कोचची खुर्ची मिळते आणि तिसरीला 'अनुभव घेऊन या' असं सांगतात, तर तो अनुभव तिने आणायचा कुठून, तो तर तुम्हीच देणार ना. असिस्टंटपर्यंत दार उघडलंय, त्यापुढचं अजून नाही. आजपर्यंत एनबीएच्या एकाही टीमने बाईला कायमची हेड कोच नेमलेलं नाही.

१२. एनबीए सोडून डब्ल्यूएनबीएत गेली, ही माघार नाही का?

मला नाही वाटत. ३१ डिसेंबर २०२१ ला एसेसने तिचं नाव जाहीर केलं, तिने स्पर्सबरोबरचा सीझन पूर्ण केला आणि गेली. असिस्टंट म्हणून आणखी पाच वर्षं वाट बघण्यापेक्षा स्वतःची टीम, स्वतःचे निर्णय, आणि पहिल्याच सीझनला टायटल, कोच ऑफ द इयरपण. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ती ज्या सॅन अँटोनियोच्या टीमकडून खेळली तीच टीम २०१८ मध्ये लास वेगासला जाऊन एसेस झाली, म्हणजे एका अर्थाने ती स्वतःच्याच घरी गेली.

आणि तिचं कोचिंग बघायचं असेल तर २०२५ चा सीझन बघा. २ ऑगस्टला मिनेसोटाने त्यांना ५३ पॉइंट्सनी हरवलं, घरच्या मैदानावर, १११-५८. १४ जिंकलेल्या, १४ हरलेल्या अशी अवस्था. तिथून ओळीने १६ मॅच जिंकून त्यांनी रेग्युलर सीझन संपवला आणि फायनलला फीनिक्सला ४-० ने धुतलं. टीम ५३ ने हरते तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला त्यांच्यासमोर उभं राहणं काय असतं हे मी आमच्या छोट्या लेव्हलवर अनुभवलंय, त्यामुळे मला तिच्या तिन्ही टायटल्समध्ये हे सगळ्यात मोठं वाटतं.

१३. पैसे किती मिळतात?

एसेसने तिला वर्षाला साधारण १० लाख डॉलर देऊ केले असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं, डब्ल्यूएनबीएसाठी तो फारच मोठा आकडा. एनबीएतल्या असिस्टंट लोकांचे पगार जाहीर होत नाहीत. पण एक अपवाद सांगण्यासारखा आहे. क्रिस्टी टॉलिव्हर डब्ल्यूएनबीएतल्या वॉशिंग्टन मिस्टिक्सकडून खेळत असतानाच २०१८-१९ मध्ये एनबीएतल्या वॉशिंग्टन विझार्ड्सची असिस्टंट कोच होती, आणि तिला त्या सीझनचे फक्त १०,००० डॉलर मिळाले. कारण दोन्ही टीमचा मालक एकच, आणि मालकाने खेळाडूला दुसऱ्या कामाच्या नावाखाली जास्त पैसे देऊन पगाराची मर्यादा चुकवू नये म्हणून डब्ल्यूएनबीएच्या करारात मर्यादा घातलेली होती. नियम ज्या कारणासाठी केला ते ठीकच, पण मार मात्र कष्ट करणाऱ्या बाईला बसला.

१४. तिच्यावर कारवाई झाली होती म्हणे? त्याबद्दल का नाही बोलत कुणी?

बोलायलाच हवं. जानेवारी २०२३ मध्ये एसेसने आपली खेळाडू डिअरिका हॅम्बी हिला लॉस एंजेलिसच्या टीमकडे ट्रेड केलं, म्हणजे अदलाबदलीत दिलं, तेव्हा हॅम्बी गरोदर होती. हॅम्बीने जाहीरपणे सांगितलं की गरोदरपणावरून तिला वाईट वागणूक मिळाली. लीगने चौकशी केली आणि कामाच्या जागी सन्मानाने वागण्याबद्दलचे नियम मोडल्याबद्दल हॅमनला बिनपगारी दोन मॅचसाठी निलंबित केलं. हॅमनने आरोप नाकारले. २०२४ मध्ये हॅम्बीने टीम आणि लीगविरुद्ध कोर्टात केस टाकली. ज्या बाईकडे बघून आपण दार उघडल्याच्या गोष्टी सांगतो तिच्याच टीममधल्या एका आईची ही तक्रार आहे, म्हणून मला ते जास्त टोचतं. तिचं कोचिंग मानते म्हणून हा भाग मी वगळणार नाही.

१५. ती रशियाकडून का खेळली? हा वेगळाच विषय आहे, पण उत्सुकता आहे.

थोडक्यात सांगते. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या टीममध्ये तिला संधी दिसत नव्हती, ती मॉस्कोच्या क्लबकडून खेळत होती, रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि बीजिंगला ब्राँझ जिंकलं. तेव्हा अमेरिकेत तिच्या देशप्रेमावरून बरीच टीका झाली. लंडनलाही ती रशियाकडूनच गेली होती, म्हणजे प्रश्न ४ मधलं विमान त्यातूनच आलं.

१६. तिच्यानंतर अजून कुणी आल्या का, की ती एकटीच?

बऱ्याच आल्या. जेनी बोसेक सॅक्रामेंटो, डॅलस आणि मग इंडियाना पेसर्समध्ये. कारा लॉसन बॉस्टनमध्ये, नंतर ड्यूक विद्यापीठात गेली. टेरेसा वेदरस्पून न्यू ऑर्लीन्समध्ये, आणि ही तीच वेदरस्पून जी १९९९ ला लिबर्टीची मेन पॉइंट गार्ड होती आणि नवखी हॅमन तिच्या मागे बेंचवर बसायची. लिंडसी हार्डिंगवर लक्ष ठेवा. २०२३-२४ ला स्टॉकटन किंग्ज या खालच्या लीगमधल्या टीमची हेड कोच होती आणि त्या लीगची कोच ऑफ द इयर झाली, असा मान मिळवणारी पहिली बाई. नंतर लेकर्सने तिला असिस्टंट घेतलं. प्रश्न ११ मधलं 'हेड कोचचा अनुभव नाही' हे कारण तिच्या बाबतीत चालणार नाही.

१७. भारतीय वंशाची कुणी आहे का?

आहे, सोनिया रामन. शिकली कायदा, नोकरीही त्याच क्षेत्रात केली, आणि एमआयटीच्या मुलींच्या टीमला १२ वर्षं कोचिंग केलं. २०२० मध्ये मेम्फिस ग्रिझलीजने तिला असिस्टंट म्हणून घेतलं, एनबीएत कोच झालेली भारतीय वंशाची पहिली महिला. तिथे चार सीझन, मग न्यूयॉर्क लिबर्टी, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सिअॅटल स्टॉर्मने तिला हेड कोच नेमलं. 'माझी मुलगी इंजिनिअरिंग करतेय, आता कसलं कोचिंग' असं म्हणणाऱ्या पालकांना मी हिचंच नाव सांगते.

१८. माझी मुलगी १६ वर्षांची आहे, छान खेळते, तिला कोच व्हायचंय. पण मुलींच्याच टीमला शिकवावं लागेल ना तिला?

नाही. आणि आत्तापासूनच सुरू करा, २५ वर्षांची होईपर्यंत थांबू नका. उन्हाळी शिबिरात लहान मुलांचे ड्रिल घेऊ दे, सीनियर मॅचला बाजूला बसून स्कोअरशीट आणि शॉट चार्ट भरू दे, व्हिडिओ काढून तो थांबवत थांबवत बघायची सवय लावा. पुढे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा आहे, क्रीडा खात्यातल्या आणि शाळांमधल्या नोकऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आणि मुलग्यांच्या टीमबरोबर काम मिळत असेल तर नक्की घेऊ दे.

१९. तुम्हाला स्वतःला कधी अडवलं का?

एका स्पर्धेत मी टीमशीट घेऊन टेबलवर गेले, तिथल्या माणसाने शीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर कुठायत? सही सरांची लागेल." मी म्हटलं, कोच मीच आहे. त्याने पुन्हा शीट बघितलं, मग पेन पुढे केलं. माझ्या मागे माझा कॅप्टन उभा होता, आठवीतला, तो काहीच बोलला नाही, पण मॅच संपल्यावर हात मिळवायच्या रांगेत समोरच्या टीमच्या कोचला मोठ्याने म्हणाला, "या आमच्या कोच." तेव्हापासून आमच्या टीमशीटवर कोचच्या नावाच्या रकान्यात मुलंच आधी माझं नाव लिहून ठेवतात, मी फक्त सही करते.